बेचाळीस म्हणजे पन्नी

गॉडफ्री डॅनॅटने बावीस वर्षांत लिंकनशरच्या शेतांमध्ये एवढे खड्डे खणले होते, की ते सगळे एका जागी खणले असते तर गावाला एक बरं तळं मिळालं असतं, असं त्याची बायको जॉइस म्हणायची. गॉडफ्रीला ते मान्य होतं. जमिनीतला धातू शोधणाऱ्यांच्या आमच्या क्लबात नवा माणूस आला की तो आपली जन्माची कमाई स्वतःच ऐकवायचा: बंदुकीच्या चारशे शिशाच्या गोळ्या, बाराशे बटणं, अर्धा ट्रॅक्टर उभा राहील एवढे ट्रॅक्टरचे सुटे भाग, चांदीची एकोणीस नाणी आणि सोनं गुंजभरसुद्धा नाही. हे सांगताना तो मोठ्याने हसायचा. ते हसणं किती खरं आहे हे आम्हाला ठाऊक होतं, कारण आमच्यातल्या प्रत्येकाला ते कधी ना कधी हसावं लागलेलं आहे. रविवारी पहाटे उठून, पाठीला पट्टा बांधून, चिखलात धातू हुडकणाऱ्या यंत्राची चकती झाडूसारखी फिरवत चालायचं आणि संध्याकाळी घरी एक गंजका बिजागर न्यायचा, या धंद्याला दुसरं काही शोभतही नाही.

सोनं मिळालं नाही म्हणून गॉडफ्रीने अधिकार मिळवला होता. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी क्लबाची बैठक भरायची, तिथे खिडकीजवळचं टेबल त्याचं. डोळ्याला भिंग लावून तो बसायचा आणि लोक रांगेत उभे राहून त्याच्यापुढे आपापला कचरा मांडायचे. तो बघायचा आणि निकाल द्यायचा. हे घोड्याच्या लगामाचं बकल. हे दुधाच्या बाटलीचं झाकण. ही रोमन अंगठी नाही हो, हे पडद्याचं कडं आहे, घरी जाऊन पडदे मोजा. बस चालवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर लोक ‘जरा बघता का’ म्हणून हाक मारतात, याचं सुख त्याला सोन्याच्या खालोखाल वाटायचं.

त्याचा सगळ्यात गाजलेला निकाल आकड्याचा होता. यंत्राच्या पडद्यावर खालच्या धातूचा आकडा उमटतो. लोखंडाचा अगदी खालचा, तांब्याचा सत्तरच्या वर, चांदीचा त्याहून वर. क्लिफर्ड ब्लेड्सच्या शेतात, म्हणजे चर्चमागच्या उतारावरच्या त्या मोठ्या तुकड्यात, बेचाळीस हा आकडा पावलापावलाला लागायचा. तिथे पूर्वी दर उन्हाळ्यात रविवारच्या शाळेची सहल जायची आणि पोरांना चॉकलेटं वाटायचे. त्या चॉकलेटांची चंदेरी पन्नी अजून त्या मातीत होती. गॉडफ्रीने पहिल्या दोन वर्षांत तिथे शंभरेक पन्न्या उकरल्या आणि नियम काढला: बेचाळीस म्हणजे पन्नी, बेचाळीस खणू नका. तो त्याने जाड कागदावर छापून घेतला, वर प्लास्टिक चढवलं आणि क्लबातल्या सगळ्यांना एकेक वाटला.

हा नियम एकच बाई पाळत नव्हती, ती म्हणजे त्याची मेव्हणी थेल्मा. थेल्मा मॉल्टबी ही जॉइसची थोरली बहीण. नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं काढली होती आणि आता घरात बसून भिंती बघायचा तिला कंटाळा आला होता. जॉइसने हुकूम सोडला आणि गॉडफ्रीने आपलं जुनं यंत्र तिला दिलं, वापरायला शिकवलं. शिकवलेलं सगळं ती ऐकायची, फक्त बेचाळीसचं तेवढं नाही. पन्नी निघाली तर निघाली, ती काय चावते का, असं तिचं म्हणणं. ती प्रत्येक आवाजावर गुडघे टेकायची, खणायची आणि निघेल ते गॉडफ्रीच्या हातावर ठेवायची, कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची तारीख नोव्हेंबरातली होती. गॉडफ्री सँडविच खाता खाता एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, पन्नी. मग ती पन्नी थेल्माच्या कमरेच्या कचऱ्याच्या पिशवीत जायची. सापडलेला कचरा परत मातीत टाकायचा नाही, घरी न्यायचा, हा आमचा रिवाज आहे.

ती गोष्ट सप्टेंबरातल्या रविवारची. गव्हाची कापणी झाली होती आणि ब्लेड्सच्या शेतात नुसती धसकटं उभी होती. बुधवारी तिथे खोल नांगर फिरणार होता आणि हिवाळ्यात झाडं लागणार होती. एकदा तिथे जंगल झालं की आमच्या हयातीत त्या मातीवर चकती फिरणार नव्हती. म्हणून क्लबाचे चौदा जण आले होते. जिल्ह्याची नोंदणी अधिकारी इमोजन सॉवरबीसुद्धा घडीचं टेबल आणि लॅपटॉप घेऊन आली होती. कोणाला काही जुनं सापडलं तर ती ते मोजायची, फोटो काढायची आणि मुख्य म्हणजे ते नेमकं कुठे सापडलं याचे नकाशावरचे दहा आकडे लिहून घ्यायची. वस्तू सोन्याची असो की शिशाची, जागा माहीत नसेल तर ती तिच्या लेखी मुकी. गॉडफ्री हे नव्या लोकांना फार तळमळीने समजावायचा. जागा खोटी सांगणारा हा चोराहून वाईट, चोर निदान इतिहास तरी हलवत नाही, असं त्याचं वाक्य होतं.

अकराच्या सुमारास थेल्माने वरच्या कुंपणापाशी हात वर केला आणि बेचाळीस लागल्याचं ओरडून सांगितलं. गॉडफ्री तिच्याकडे गेला तो मुळात तिला दटावायला. तोवर ती गुडघ्यांवर बसली होती. तिने एक ढेकूळ वर काढलं आणि नेहमीसारखं त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते अंगठ्याने फोडलं.

सोनं मातीत काळं पडत नाही. दोन हजार वर्षं पडून राहिलं तरी ते काल पडल्यासारखं निघतं. करंगळीच्या नखाएवढं नाणं होतं, जरासं वाकलेलं, आणि त्यावर या भागातल्या जुन्या टोळ्यांचा घोडा होता, पाय वेगळे, मान वेगळी, डोकं म्हणजे नुसता एक ठिपका. असा घोडा गॉडफ्रीने पुस्तकांत एवढ्यांदा पाहिला होता, की डोळे मिटूनही तो काढून दाखवला असता.

“काय आहे रे?” थेल्माने खालून विचारलं. “पन्नी?”

“पन्नी,” गॉडफ्री म्हणाला.

पुढे कितीदा तरी त्याने स्वतःला विचारलं की तो शब्द तोंडातून गेलाच कसा. त्या घटकेला त्याला सोन्याचा लोभ सुटला असता तर त्याने निदान स्वतःला चोर म्हणून ओळखलं असतं. पण त्याच्या डोक्यात आधी आलं ते भलतंच. या शेतात बावीस वर्षांत आपण किती बेचाळिसांवरून पाय टाकून पुढे गेलो, आणि किती जणांना जायला लावलं, तेही छापून, प्लास्टिक चढवून. त्या विचारासरशी त्याने आपला नियम वाचवला. लोभ त्यानंतर आला, पण आला तो मुक्कामाला. नाणं कचऱ्याच्या पिशवीत न जाता त्याच्या छातीच्या खिशात गेलं. थेल्माने उसासा टाकला, खड्डा भरला, वर बुटाने दाबलं आणि पुढे गेली.

अर्ध्या तासाने गॉडफ्री शेताच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, ओढ्याकाठच्या विलोच्या झाडाजवळ होता. तिथे त्याने व्यवस्थित खड्डा केला, नाणं आत ठेवलं, माती लोटली आणि त्यावरून चकती फिरवली. यंत्र बोललं. पडद्यावर बेचाळीस आलं. त्याही अवस्थेत त्याला वाटलं, हे आपण खणायला नको. मग त्याने खणलं आणि हात वर केला.

तेरा माणसं धसकटांतून धावत आली. सरासरी वय सदुसष्ट असलेल्या माणसांचं धावणं बघण्यासारखं असतं. क्लबाचा अध्यक्ष मॉरिस पॅडलीने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की हेडफोन गळ्यात आला. शेताचा मालक क्लिफर्ड ब्लेड्स चारचाकी मोटारसायकलवरून उतरला, नाणं तळहातावर घेतलं, हा घोडा आहे की कोंबडी असं विचारलं आणि निम्मं माझं हं, अशी आठवण करून देऊन हस्तांदोलन केलं. थेल्मा सगळ्यांत शेवटी पोचली. तिला ते नाणं धड दिसलं नसावं. पण तिने गॉडफ्रीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गालाचा मुका घेतला.

“जॉइसला आत्ताच्या आत्ता फोन कर,” ती म्हणाली. “रडेल ती. बावीस वर्षं वाट बघितलीस रे.”

तिचे डोळे खरंच भरून आले होते.

मॉरिसने सहज चौकशी केली की यंत्राने आकडा कुठला दिला, म्हणजे इतरांना अंदाज. गॉडफ्रीने अडुसष्ट सांगितला. एका तासात हे त्याचं तिसरं खोटं, आणि हे तर त्याने कोणी दाबून विचारलेलं नसताना फुकट दिलं. मॉरिसने अडुसष्ट वहीत लिहून घेतलं.

इमोजनने नाणं मोजलं, दहा आकडे टिपले आणि नकाशाकडे बघितलं. मग ती भराभर बोलायला लागली. या टेकडीवरचं त्या काळातलं जे काही आजवर मिळालं ते वरच्या अंगाला मिळालं होतं. खाली ओढ्याकाठी सोनं मिळतं याचा अर्थ इथे झऱ्याच्या देवाला नाणी वाहायची जागा असू शकते. तसं असेल तर या सगळ्या भागाचा विचार नव्याने करावा लागेल. उद्या सकाळी ती विद्यापीठातली मंडळी आणि जमिनीखालचं दाखवणारी यंत्रं घेऊन येणार होती, मंगळवारपर्यंत कोपरा पिंजून काढणार होती. “मिस्टर डॅनॅट, तुम्ही काय करून ठेवलंय याची तुम्हाला कल्पना नाही,” ती म्हणाली. गॉडफ्रीला ती चांगलीच होती.

मग चौदा माणसांचं शेत एका कोपऱ्यात गोळा झालं. तिथली माती चिकट, बुटाला वीतभर चढणारी. दुपारपर्यंत तिथून बाटल्यांची सात बुचं आणि बादलीची एक कडी निघाली. डबे उघडले, मसाल्याच्या मांसवडीची सँडविचं आणि चीज लावलेला मनुकांचा ब्रेड सगळ्यांनी गॉडफ्रीपुढे केला. त्याने पोटाचं निमित्त सांगितलं, यंत्र उचललं आणि चढ चढून वरच्या कुंपणाकडे गेला.

थेल्माचा सकाळचा खड्डा त्याला लगेच सापडला. तिने तो नीट भरला होता, वर तिच्या बुटाचा ठसा होता. त्याने चकती फिरवली. दोन पावलांवर बेचाळीस. त्याच्या डावीकडे त्रेचाळीस. कुंपणाच्या बाजूला पुन्हा बेचाळीस, पुन्हा बेचाळीस. पन्नी असती तर आवाज फाटका आला असता, आणि हे आवाज गोल होते, स्वच्छ होते, हे बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कान देऊन ऐकलं. एक नाणं कोणाच्या हातून पडतं. एवढी मिळून असतील तर ती कोणीतरी पुरलेली असतात.

गॉडफ्री डॅनॅट सोन्याच्या घबाडावर उभा होता आणि त्याला खणता येत नव्हतं. इथून नाणी काढली तर सकाळचं नाणं खाली कसं गेलं हे सांगावं लागणार. न काढावीत तर बुधवारी नांगर येणार, ती विखुरणार आणि त्यांच्यावर झाडं उभी राहणार. उद्या विद्यापीठाची पोरं खालचा चिखल उपसणार आणि इमोजन नसलेल्या झऱ्यावर नसलेला देव बसवणार. तो हिशेब करत बसला की एकेक नाणं खिशातून ओढ्याकाठी नेऊन पुरलं तर किती खेपा होतील. साताठ खेपा, पोटाचं निमित्त साताठ वेळा. शेवटी आपण सोनं शोधायला आलो होतो, ते पुरायला कधी लागलो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

त्याने खाली बघितलं. ओढ्याच्या काठाला थेल्मा चिखलात गुडघे टेकून खणत होती. आपल्याच नाण्याची भावंडं शोधत होती. तिला उठता येईना, तेव्हा मॉरिसने हात दिला. ती उठली, चार पावलं पुढे गेली आणि पुन्हा खाली बसली. गॉडफ्रीने यंत्र बंद केलं आणि उतार उतरला.

तो इमोजनच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. थेल्माला हाक मारली. ती चिखलाने भरलेले हात पुसत आली. बाकीचेही जमले, त्यांना वाटलं आणखी काही सापडलं.

“ते नाणं मला नाही सापडलं,” गॉडफ्री म्हणाला. “थेल्माला सापडलं. वर, कुंपणाजवळ, अकरा वाजता. तिने मला विचारलं, मी पन्नी म्हणालो. मग मी ते इथे आणून पुरलं आणि काढलं.”



“आणि अडुसष्ट?” मॉरिसने विचारलं.

“बेचाळीस होतं.”

मॉरिसने वही काढली, अडुसष्टवर काट मारली आणि तिथे उभ्या उभ्याच त्याच्या लक्षात आलं की आपल्याही खिशात तो प्लास्टिक चढवलेला कागद आहे. त्याने तो काढून गॉडफ्रीच्या हातात दिला. मागे आणखी तिघा-चौघांनी दिले. इमोजनने लॅपटॉपवरची ओळ खोडली. ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त थेल्माकडे वळून तिला वर नेऊन जागा दाखवायला सांगितलं.

वर थेल्माच्या हातून आणखी दोन नाणी निघाली आणि इमोजनने सगळ्यांना थांबवलं. एकाहून जास्त जुनी सोन्याची नाणी एका जागी निघाली की ते कायद्याने घबाड ठरतं, मग पुढचं खणणं जाणकारांनी करायचं. ब्लेड्सने जागेवर ताडपत्री टाकली, कडेला मोटारसायकल लावली आणि तिच्यावर बसून डुकराच्या मांसाचं सारण भरलेला पॅटिस खात राखण सुरू केली. क्लबाने गॉडफ्रीला वर्षभरासाठी बाहेर काढलं. खोटी जागा सांगणाऱ्याला वर्षभर बाहेर, हे कलम त्याचंच होतं. मूळ मसुद्यात सहा महिने होते, ते कमी पडतील म्हणून त्यानेच वाढवून घेतले होते.

थेल्मा सकाळी त्याच्याच गाडीतून आली होती, त्यामुळे परतही त्याच्याच गाडीतून गेली. बावीस मैल ती खिडकीबाहेर बघत होती. घरी जॉइसला सगळं कळलं तेव्हा तिने विचारलं, माझ्या बहिणीला? एवढंच विचारून ती आत गेली. गॉडफ्रीला उत्तर द्यायचं होतं, पण ते ऐकायला कोणी नव्हतं.

गुरुवारी दुपारी थेल्मा आली. तिने बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला होता. जॉइसने चहाचं पाणी ठेवलं आणि परसात गेली. थेल्मा टेबलाशी बसली.

गॉडफ्रीने माफीची वाक्यं चार दिवस घोकली होती. त्यातलं पहिलं निम्मं झालं तोच थेल्माने हात वर करून त्याला थांबवलं.

“सोन्याचं राहू दे,” ती म्हणाली. “ते मिळालं मला. पण वर्षभर मी तुला एकेक वस्तू दाखवली आणि तू पन्नी म्हणत आलास. त्यातली पन्नी कुठली?”

“सगळी, थेल्मा. शपथ घेऊन सांगतो. तेवढं एकच…”

“ते मी कशावरून मानू?”

चार दिवस गॉडफ्रीला वाटत होतं की आपण तिचं नाणं घेतलं आणि परत दिलं. आता त्याला कळलं की आपण काय घेतलं, आणि ते आपल्याला देता येण्यासारखं नव्हतं. त्याचा शब्द हीच त्याची कमाई होती.

थेल्माने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला. वर्षभराचा कचरा, एकही तुकडा न टाकलेला. त्याच्यासमोर दिवा ओढला, आपलं मोठं भिंग काढलं आणि म्हणाली, “पुन्हा बघ. एकेक. आणि नुसतं नाव नको सांगूस, कसं कळलं ते दाखव.”

त्याने सुरुवात केली. ही चॉकलेटची पन्नी, मागे कागदाची पांढरी राख राहिलीय, ही बघ. हा टूथपेस्टच्या नळीचा तुकडा, कड दुमडलेली आहे. हे बंदुकीच्या काडतुसाचं बूड, मधे पिन आपटल्याची खूण आहे. थेल्मा प्रत्येक तुकडा भिंगाखाली आपल्या त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याशी नेऊन बघायची, त्याने सांगितलेली खूण दिसली की डावीकडे ठेवायची, नाही दिसली तर परत दाखवायला लावायची. चहा निवला. डावीकडचा ढीग वाढत गेला, आणि गॉडफ्री बावीस वर्षांत पहिल्यांदा खरोखर बघत होता.

साधारण शंभराव्या तुकड्याला तो थांबला. राखाडी, पातळ, दुमडलेला, एका कडेला ओळीने बारीक टिंबं. जूनमध्ये त्याने तोंडात घास असताना त्याला पन्नी म्हटलं होतं. तो पन्नी नव्हता. शिसं नव्हतं. चांदी असावी असं वाटलं आणि नसावी असंही वाटलं. त्याने तो उलटा केला, भिंग जवळ नेलं, दूर नेलं. थेल्मा वाट बघत होती. एक नाव त्याच्या जिभेवर आलं होतं, खपून गेलं असतं असं.

“माहीत नाही,” गॉडफ्री म्हणाला.

थेल्माने तो तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि उजवीकडे, एकटा, ठेवला.

“बरं,” ती म्हणाली. “हे मी मानते. पुढचं सांग.”